रोज पळता, पण उंचीचं काय? हिमालय ट्रेकची प्रश्नोत्तरे

प्रश्न (जालना): भरतीची तयारी करायलोय, रोज पळतो. विमानानं लेहला उतरून दुसऱ्याच दिवशी ट्रेक सुरू करायलोय. मला डायमॉक्सची (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायची गोळी) गरज नाही ना?

उत्तर: भावा, पळण्याचा दम वेगळा अन् उंची सोसणं वेगळं. जालना पाचशे मीटरच्या आसपास, लेह साडेतीन हजार, आणि विमान तुला दिल्लीहून दीड तासात तिथं नेऊन टाकतं, शरीराला कळायच्या आत! खरं सांगू, लवकर आडवी होतात ती बऱ्याचदा अशीच फिट पोरं, कारण डोकं दुखत असलं तरी सांगायची लाज वाटते अन् पुढं पळायची सवय. लेहमध्ये पहिले दोन दिवस नुसता आराम, जिना चढतानाही घाई नको. तीन हजारच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. डायमॉक्स डॉक्टरला विचारूनच, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगायचं. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, घाबरू नको. पण गोळी घेतली म्हणून थांबायचे दिवस कापायचे नाहीत.

आणि एक बघून ठेव. सोबतचा बरळायला लागला किंवा झिंगल्यासारखा चालायला लागला तर त्याला सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालायला सांग. तोल गेला की मेंदूला सूज आलीय असं धरायचं आणि रात्र असो की बर्फ, लगेच खाली उतरवायचं, त्याला एकट्याला नाही, धरून. सकाळी बघू म्हणणारेच फसतात.

प्रश्न (लातूर): वय ५२, गुडघे जरा कुरकुरतात. डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक जमेल का?

उत्तर: जमेल ताई, पण आधी गुडघे दाखवून घ्या. पायथ्याच्या सांकरी गावातून निघून ३८०० मीटरच्या आसपास टॉप आहे, चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघे बोलतात, म्हणून तयारी उतरायचीच करा. लातुरात डोंगर नाही तर अपार्टमेंटचा जिना आहे की, पाठीवर सहा-सात किलोची सॅक, हळूहळू खाली यायचं, तीन महिने. दोन काठ्या घ्याच. आणि बूट नवे कोरे घालून जाऊ नका, इथंच महिनाभर वापरा.

प्रश्न (बीड): कपडे काय न्यावेत?

उत्तर: अंगाला सुती बनियन नको, घामानं भिजलं की वाळत नाही अन् थंडी धरते. बाकी थरावर थर. दशम्या न्या, पहिले दोन दिवस कामाला येतात.

प्रश्न (संभाजीनगर): दोन ट्रेक झाले. आता थेट सहा हजारी शिखर करू का? आपल्या शहरातले रफिक शेख २०१६ ला एव्हरेस्टवर गेले, मग आपण का नाही?

उत्तर: जा की, पण आधी शिका. ट्रेकमध्ये वाट असते, शिखरावर दोर, क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे लोखंडी काटे), आइस अ‍ॅक्स असतं, अन् घसरल्यावर त्या बर्फाच्या कुऱ्हाडीनं स्वतःला थांबवणं व्हिडिओ बघून येत नसतं. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण इन्स्टिट्यूटचा बेसिक कोर्स करा, २८ दिवसांचा, सुट्टी काढायलाच लागते. त्यानंतर मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक, ५२८९ मीटर, चांगल्या गाइडसोबत. एजन्सी निवडताना फोटो बघू नका, विचारा की राखीव दिवस किती, ऑक्सिजन सोबत आहे का, गाइडनं प्रथमोपचाराचा कोर्स केलाय का. "काही होत नाही सर" असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या.