साथ हिंदीतून आली म्हणे!

प्रश्न असा आलाय की सोबतीची 'साथ' आणि तापाची 'साथ' हा एकच शब्द आहे का, आणि साथीचं गणित मांडतात त्या मॉडेलला मराठीत प्रारूप म्हणायचं की प्रतिमान. विचारणारी दापोलीची आहे, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हवंय.

एकच शब्द. पण आधी एक सांगून टाकतो, पाऊस लागला की 'लेप्टोची साथ' 'लेप्टोची साथ' (म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप) ऐकून डोकं उठतं. लावणीला चिखलात अनवाणी उतरलं की पायाच्या भेगेतून तो जंतू शिरतो, तो आलेला असतो उंदराच्या मुतातून, एका माणसाचा दुसऱ्याला जवळजवळ कधीच होत नाही. डॉक्टर त्यालाही साथ म्हणतात, पण मला विचाराल तर वाडीत चार जण तापाने पडले म्हणून लगेच साथ होत नाही हो, साथीत एकाचं दुसऱ्याला लागायला हवं, आणि ते त्या शब्दातच आहे.

संस्कृतात सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. स अधिक अर्थ, म्हणजे पैसाअडका, माल बरोबर घेऊन निघालेले लोक. (पोथीच्या नावापुढे लागतं ते 'सार्थ' पण हेच, फक्त तिथला अर्थ वेगळा.) प्राकृतात त्याचं सत्थ झालं आणि चतुर्थचा चौथा होतो तशी पुढे साथ झाली. सोपारा बंदर होतं तेव्हा असलेच तांडे नाणेघाट उतरून कोकणात यायचे. तांड्याबरोबर जाणं ती सोबतीची साथ, आणि तांड्याबरोबर गावात येतो तो आजार पण साथ. हे शेवटचं मी म्हणतो, कोशात शोधत बसू नका.

आमच्याकडचे एक रिटायर्ड मास्तर छातीठोकपणे सांगतात की साथ हिंदीतून आली. मग हिंदीत 'हैजे की साथ' म्हणतात का विचारा ना कुणाला, महामारी म्हणतात! रोगाचा अर्थ तिकडे नाहीच, तो काय कोकण रेल्वेने आला? आणखी एक जण साथीचं नातं सारथ्याशी जोडतात, त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं.

आता गणित. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन संशोधकांनी १९२७ साली साथीचं मॉडेल मांडलं ते मुळात एवढंच की अजून न लागलेले गुणिले आजारी, जेवढ्या गाठी पडतील त्या प्रमाणात नव्या केसेस. गणपतीला चाकरमानी आले आणि वाडीत हे दोन्ही आकडे दुप्पट झाले की नव्या केसेस चौपट. आणि सगळ्यांना होऊन गेल्याशिवायच साथ ओसरते, कारण न लागलेले विरळ झाले की एका आजाऱ्यामागे एकही नवा धड मिळत नाही. म्हणजे सोबत तुटली की साथ तुटली, यापेक्षा चांगली व्युत्पत्ती मास्तरांनी दाखवावी.

केरमॅक-मॅकेंड्रिकनी हे पडताळलं कशावर, तर आपल्या मुंबईच्या प्लेगवर, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधल्या दर आठवड्याच्या मृत्यूंवर! मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधलाच डॉक्टर. आता कुणीतरी म्हणणार की गाठीचा प्लेग तरी कुठे माणसाचा माणसाला होतो, तो उंदराच्या पिसवांमुळे. बरोबर, आणि त्या दोघांनी ते लिहिलंय, माणसांतला प्लेग म्हणजे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब धरलंय असं. म्हणजे साथ होती उंदरांची, आणि उंदीर फिरायचे कशातून, धान्याच्या पोत्यांतून, बोटींतून, मालाबरोबर. सार्थच की तो, अर्थासकट! लेप्टोत उंदीर स्वतः धडधाकट असतात, मग साथ कुणाची म्हणायची?

हां, ते मॉडेलचं राहिलं. प्रतिमान म्हण. प्रारूप म्हणजे कच्चा मसुदा, प्रारूप मतदार यादी असते ना तसा. नाहीतर सरळ मॉडेल लिही, तुझ्या सरांना तेच कळेल.