अकाउंटिंगची इंटर्नशिप आणि कॉलेजचं क्रेडिट: आधी सह्या, मग काम

एका ताईंचा मेसेज आलाय, मुलगी अमेरिकेत अकाउंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, जानेवारीपासून एका छोट्या टॅक्स फर्ममध्ये इंटर्नशिप मिळतेय, आणि त्या विचारतायत की ऑफर लेटर हातात आलंय म्हणजे कॉलेज तीन क्रेडिट (डिग्रीत मोजली जाणारी अभ्यासाची एककं) देईलच ना? नाही हो ताई, आपोआप काही मिळत नाही. माझ्या हाताखाली एक मुलगा अख्खा टॅक्स सीझन राबला, जानेवारीपासून १५ एप्रिलपर्यंत, काम एकदम चोख, आणि मे महिन्यात क्रेडिट मागायला गेला तर कॉलेज म्हणालं तू इंटर्नशिपचा कोर्स रजिस्टरच केला नव्हतास, आता मागच्या तारखेने काही होणार नाही. मी पत्र लिहून दिलं, फोन केला, काही उपयोग झाला नाही. त्याचा उतरलेला चेहरा अजून आठवतो, म्हणून आता कुणीही इंटर्न आला की पहिल्याच दिवशी विचारते, कॉलेजचा कागद कुठेय?

मुळात क्रेडिट काम केल्याबद्दल नसतं, त्या कामातून काय शिकलात याबद्दल असतं. कॉलेजच्या लेखी हा एक कोर्सच, त्याला कोर्स नंबर असतो, प्राध्यापक असतात आणि हो, फीसुद्धा असते, म्हणजे उन्हाळ्यात तीन क्रेडिट घेतले तर त्यांची ट्यूशन वेगळी भरावी लागू शकते, ते घरी आधी बोलून घ्या. सुरू होण्याआधी एक लर्निंग अग्रीमेंट होतं, त्यावर मुलीची, फर्ममधल्या सुपरवायझरची आणि प्राध्यापकांची अशा तिघांच्या सह्या लागतात. एका क्रेडिटला किती तास हे प्रत्येक कॉलेजचं वेगळं, ते त्यांच्याकडूनच लेखी घ्या. इंटरमीडिएट अकाउंटिंग झालेलं असावं, जीपीए (गुणांची सरासरी) अमुक असावा अशाही अटी असतात.

सुपरवायझर कोण हे मात्र नीट बघा. आपल्याकडे पटकन सुचतं, अमक्या काकांची फर्म आहे, त्यांच्याकडे करून टाक. पण नात्यातला सुपरवायझर बरीच कॉलेजं चालवून घेत नाहीत, आणि घेतला तरी तिथे मुलीला फोन उचलणं आणि फायली लावणं एवढंच मिळणार असेल तर काय उपयोग? काम म्हणजे बँक रिकन्सिलिएशन (बँकेचं स्टेटमेंट आणि पुस्तकातल्या नोंदी जुळवणं), बिलं तपासणं, ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी), कुणी सीनिअर तपासणार असेल तर साधी टॅक्स रिटर्न्स. आणि केलेलं काम शेरे मारून परत देणारा माणूस हवा, नुसती शेवटी सही करणारा नको.

डायरी लिहावी लागते, तिला मुलं फार हलक्यात घेतात. "आज बँक रिकन्सिलिएशन केलं" या वाक्यावरून प्राध्यापकांना काही कळत नाही. माझ्याकडच्या एका मुलीने लिहिलं होतं, बँक आणि पुस्तक यांच्यात २७० चा फरक येत होता, शेजारचे आकडे उलटसुलट पडले की फरकाला ९ ने भाग जातो, २७० लाही जातो, म्हणून तसंच झालं असेल असं वाटलं, एकेक नोंद बघत गेले तर १,८५० चा चेक १,५८० म्हणून टाकलेला सापडला. बघा, चार ओळीत शिकणं दिसतं. फक्त क्लायंटचं नाव किंवा रिटर्नमधली माहिती डायरीत अजिबात येऊ देऊ नका, ती परवानगीशिवाय बाहेर देणं हा टॅक्स करणाऱ्यासाठी गुन्हा आहे, आणि इंटर्नलाही तो नियम लागूच.

आता व्हिसा, आणि हे कृपया दोनदा वाचा. मुलगी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असेल तर कॅम्पसबाहेरच्या अशा कामासाठी सीपीटी, म्हणजे अभ्यासाचा भाग म्हणून काम करायची परवानगी लागते, ती कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून मिळते, आय-२० वर (कॉलेजने व्हिसासाठी दिलेला कागद) कंपनीचं नाव आणि तारखा येतात, आणि त्या तारखेच्या एक दिवस आधीही काम सुरू करायचं नाही. सीपीटी अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं, म्हणूनच बऱ्याच ठिकाणी क्रेडिटचा कोर्स रजिस्टर केल्याशिवाय ते देतच नाहीत. साधारणपणे आधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं लागतं. फुल टाइम सीपीटी १२ महिने किंवा जास्त झालं तर त्या डिग्रीवरचं ओपीटी, म्हणजे मुख्यतः डिग्रीनंतर आपल्या विषयात काम करायची परवानगी, जातं. आणि मुलगी अजून एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असेल तर सीपीटी नाहीच, ते एफ-१ वाल्यांसाठी आहे. बिनपगारी आहे ना मग चालेल, असं धरून चालू नका, आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. एकविसाव्या वर्षी मुलांचा एच-४ संपतो, आणि हा वाढदिवस साधारण कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातच येतो, तेव्हा व्हिसा बदलायचा विचार इंटर्नशिपच्या शोधाच्याही आधी सुरू व्हायला हवा.

पगाराचं म्हणाल तर "क्रेडिट मिळतंय ना, मग पैसे कशाला" असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नका. नफ्यासाठी चालणाऱ्या फर्ममध्ये बिनपगारी इंटर्न ठेवायचा तर मुख्य फायदा कुणाचा होतोय ते लेबर डिपार्टमेंटच्या सात मुद्द्यांवर बघितलं जातं, क्रेडिट हा त्यातला एक मुद्दा झाला फक्त. हंगामात फर्मची रिटर्न्स उपसत बसायची असतील तर पगार मागायलाच हवा, आणि अकाउंटिंगमध्ये पगारी इंटर्नशिप मिळतात. कुठेच जमलं नाही तर आयआरएसचा (अमेरिकेचं टॅक्स खातं) व्हिटा नावाचा कार्यक्रम आहे, कमी उत्पन्नाच्या लोकांची रिटर्न्स फुकट भरून देतात, परीक्षा पास होऊन स्वयंसेवक होता येतं आणि काही कॉलेजं त्यालाही क्रेडिट देतात.

सीपीए (अमेरिकेतला सीए) करायचं असेल तर हे तीन क्रेडिट मोलाचे आहेत, कारण डिग्री साधारण १२० क्रेडिटची आणि लायसन्सला बरीच वर्षं १५० लागत आलेत. आता काही राज्यांनी जास्त अनुभव घेऊन कमी क्रेडिटचाही रस्ता उघडलाय. पण इंटर्नशिपचे किती क्रेडिट धरायचे हे राज्याचं बोर्ड ठरवतं, म्हणून ज्या राज्यात लायसन्स घ्यायचंय तिथले नियम बघा, कॉलेजच्या राज्यातले नाही.

आणि ताई, एक विनंती. प्राध्यापकांना ईमेल तुम्ही लिहू नका. तिच्या परवानगीशिवाय कॉलेज तिच्या अभ्यासाबद्दल तुमच्याशी सहसा बोलत नाही, विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणारा १९७४ चा फेर्पा कायदा आहे. तिलाच लिहू दे, ऑफर लेटर जोडून, इंटर्नशिप कोर्सचा फॉर्म आणि शेवटची तारीख विचारून. जानेवारीत सुरू करायचंय ना, मग हा ईमेल याच आठवड्यात जाऊ दे.