57 मार्कांवर फिजिक्स घ्यावं का?

औंढा तालुक्यातल्या एका मुलीनं लिहिलंय: बारावीला 59 टक्के, फिजिक्सला 57, तरी एमएससी फिजिक्सच करायची कारण गावाजवळ लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होतंय, आणि पप्पा म्हणायलेत डी.फार्म कर, मेडिकल टाकून देतो.

बाळा, आधी ते 57 फोडून बघू. लेखी 70 ची, प्रॅक्टिकल 30 चं, आणि प्रॅक्टिकलला आपल्याकडं 27-28 कसे पडतात ते तुलाही माहितीय न मलाही. म्हणजे लेखीत 30 च्या आसपास. कमीच आहेत, गोड बोलून काय उपयोग. पण बोर्डाचा पेपर पाठांतरावरही निघतो, 90 वाली लेकरंपण बीएससीला डिफरन्शियल इक्वेशन आलं की गडबडतात, म्हणून नुसत्या मार्कांवर मी नाही म्हणणार नाही.

एक काम कर. पुस्तक बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि सिंपल पेंडुलमच्या टाइम पिरियडचा फॉर्म्युला स्वतः काढ. मधे साइन थीटाच्या जागी नुसता थीटा लिहितो ते कशाच्या भरवशावर, आणि पेंडुलम लांब ओढून सोडला तर तोच फॉर्म्युला का चुकतो, हे तुझं तुला पटलं पाहिजे. पहिल्या बैठकीत नाही जमलं तरी चालतंय, पण जेवताना झोपताना तेच डोक्यात फिरत असेल तर बीएससी घे. कंटाळा आला तर खुशाल डी.फार्म, त्यात काही कमीपणा नाही.

बीएससीला फिजिक्ससोबत मॅथ्स घ्यायचंच, मैत्रिणी काहीही घेऊ देत, कारण एमएससीचं क्वांटम मेकॅनिक्स म्हणजे निम्मं लिनियर अल्जेब्राच. मग तिसऱ्या वर्षी जॅम, म्हणजे आयआयटीसारख्या ठिकाणी एमएससीला लागणारी प्रवेश परीक्षा, द्यायची, 3 तास 100 मार्क, त्या रँकमध्ये बारावीचे मार्क धरत नाहीत. नाही निघाली तर नांदेड न संभाजीनगरची विद्यापीठं आहेतच. पुढं नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, लागली तर पीएचडी करताना महिना 37 हजार मिळतात, पण ती सगळ्यांना लागत नाही हे पप्पांना आत्ताच सांगून ठेव.

लायगोचं म्हणशील तर केंद्रानं 2023 ला 2600 कोटी मंजूर केलेत, 4-4 किलोमीटरच्या दोन भुजा होणार, मोठंच काम आहे. पण गावची पोरगी म्हणून कुणी आत घेणार नाही, तिथं लेझर, व्हॅक्यूम, इलेक्ट्रॉनिक्स, डेटा यातलं काहीतरी हातात लागतं, म्हणून बीएससीतच पायथॉन प्रोग्रॅमिंग शिकायला लाग.

आणि गणिताचे मार्क तू लिहिलेच नाहीस की! मला तर फिजिक्सच्या आधी तेच बघायचे होते, तेवढे कळव.