क्लिप पाहून गेम कळत नाही

बातम्यांत दाखवलेली अर्ध्या मिनिटाची क्लिप पाहून तुम्ही हादरलात. १३ वर्षांच्या मुलाला हा गेम बंद करावा का आणि बंदीच्या निवेदनावर सही करावी का, असं तुम्ही विचारलंय. सहीचं शेवटी बोलतो. गेली पंचवीसेक वर्षं गेम खेळतोय, त्यामुळे असे शिमगे बरेच पाहिलेत. आधी एक जुना किस्सा ऐका.

९ डिसेंबर १९९३. अमेरिकी सिनेटमध्ये जो लीबरमन आणि हर्ब कोल या सिनेटरांच्या पुढाकाराने गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली. नाइट ट्रॅप हा खरे नटनट्या घेऊन चित्रित केलेला गेम तिथे फार गाजला. त्यातल्या ज्या प्रसंगावरून गदारोळ झाला, त्यात झोपायच्या कपड्यांतली एक मुलगी न्हाणीघरात असते, काळ्या कपड्यांतले लोक तिला धरतात आणि रक्त ओढायचं यंत्र मानेला लावतात. बघणाऱ्याला वाटणार, खेळणाऱ्याने हेच करायचंय. प्रत्यक्षात त्याचं काम उलटं. घरातले कॅमेरे बदलत राहायचं, नेमक्या क्षणी बटण दाबून त्या लोकांना सापळ्यात पाडायचं आणि मुलींना वाचवायचं. वेळ चुकली की मग तो प्रसंग दिसतो. म्हणजे ज्यावर एवढं रान उठलं, ते हरल्याचं दृश्य होतं! (गेम म्हणून सुमारच होता, ते सोडा.)

गेम विकणाऱ्या सेगा कंपनीने जानेवारी १९९४ मध्ये तो बाजारातून काढून घेतला. सेगाची प्रतिस्पर्धी कंपनी निन्टेन्डोचे अधिकारी हॉवर्ड लिंकन त्या सुनावणीत छातीठोकपणे सांगून आले होते, की हा गेम आमच्या यंत्रावर कधीच येणार नाही. २०१८ मध्ये तो त्यांच्याच स्विच या यंत्रावर आला, आणि वयाचं रेटिंग होतं 'टी', म्हणजे १३ वर्षं आणि पुढे. नेमकं तुमच्या मुलाचं वय.

त्याच सुनावणीतला दुसरा गेम मॉर्टल कॉम्बॅट, मारामारीचा. निन्टेन्डोने त्यातलं रक्त काढून घाम दाखवला होता. सेगाच्या कन्सोलवर ए, बी, ए, सी, ए, बी, बी अशी बटणं दाबली की रक्त परत यायचं. जास्त खपली ती सेगाची आवृत्ती. हा धडा उद्योगाने चांगलाच गिरवला. १९९७ मध्ये पहिल्या ग्रँड थेफ्ट ऑटो या गुन्हेगारीवरच्या गेमच्या वेळी तर मॅक्स क्लिफर्ड नावाच्या प्रसिद्धीतज्ज्ञाला पैसे देऊन मुद्दाम आरडाओरडा घडवून आणला होता. तेव्हा संतापातही कुणाचा तरी धंदा असतो.

पण सगळाच पराचा कावळा असतो असंही नाही. २००५ मध्ये याच मालिकेच्या सॅन अँड्रियास भागात लपवलेला लैंगिक प्रसंग सापडला. कंपनीने आधी हॅकर्सकडे बोट दाखवलं. नंतर कळलं, तो मजकूर मूळ डिस्कवरच होता. रेटिंग बदलून 'फक्त प्रौढांसाठी' झालं, दुकानांनी प्रती काढल्या. तिथे आरडाओरडा करणाऱ्यांचं बरोबर होतं, हे आम्हा गेमवाल्यांनी तेव्हा मान्य करायला फार वेळ लावला.

हिंसक गेममुळे मुलं हिंसक होतात का? २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या १,००४ ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला आणि मुलांच्या वागण्याबद्दल त्यांच्या पालकांनाही विचारलं. हिंसक गेम आणि आक्रमकता यांत संबंध दिसला नाही. एका अभ्यासाने विषय मिटत नाही, पण क्लिपपेक्षा मी त्यावर जास्त भरवसा ठेवीन.

तुमच्या जागी मी असतो तर रक्तापेक्षा दोन गोष्टी आधी बघितल्या असत्या: अनोळखी माणसांशी चालणारं बोलणं आणि आत काय आहे ते न कळता पैसे टाकून उघडायच्या पेट्या. त्या लूट बॉक्सना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगारात धरलं. रेटिंगच्या अक्षरासोबत 'वापरकर्ते एकमेकांशी बोलू शकतात', 'गेममध्ये खरेदी आहे' अशा सूचना असतात, पण आपण नुसतं अक्षर बघून पुढे जातो. ही रेटिंगं देणाऱ्या ईएसआरबी या अमेरिकी संस्थेच्या संकेतस्थळावर अनेक गेमखाली एक परिच्छेदही असतो, खेळताना नेमकं काय काय दिसतं याचा.

आता सही. आज रात्री मुलाच्या शेजारी अर्धा तास बसा, त्याला खेळू द्या, मधे बोलू नका. मग ती क्लिप त्याला दाखवा आणि विचारा, हे कुठे येतं, आणि तिथे खेळणाऱ्याने काय करायचं असतं. निवेदन त्यानंतर परत वाचा, त्यात गेमबद्दल जे लिहिलंय ते जुळत असेल तर बिनधास्त सही करा.