ड्रॅगनछाप डॉलर : नमुना की नक्कल?

प्रश्न : आजीच्या गाठोड्यात राणीछाप रुपयांबरोबर एक मोठं चिनी नाणं निघालं. ड्रॅगन, खाली इंग्रजीत 'वन डॉलर', वजन २६.८ ग्रॅम. एक जण म्हणतो, हे १९११ चं दुर्मिळ 'पॅटर्न' आहे. खात्री कशी करावी? तपासायला हाँगकाँगला पाठवू का? (वाचक, अमळनेर)

उत्तर : पॅटर्न म्हणजे रचना मंजूर होण्याआधी टांकसाळीने पाडून पाहिलेलं नमुना-नाणं. १९११ च्या चिंग (चीनचं शेवटचं राजघराणं) डॉलरचे असे नमुने चीनमधल्या तिआनजिनला झाले; ठसे कोरणारा लुइजी जॉर्जी हा इटालियन. संग्राहक ते ड्रॅगनच्या मिशांवरून ओळखतात : लांब मिशांचा, आखूड मिशांचा वगैरे. मंजूर झालेला डॉलर मात्र भरपूर पाडला गेला. गाठोड्यात निघाला तर तोच निघण्याचा संभव जास्त, आणि बाजारात नकला दोन्हींच्या आहेत.

वजन जुळलं म्हणून हुरळू नका. सरकारी वजन ०.७२ कुपिंग टेल (चांदी तोलायचं चिनी माप), म्हणजे २६.८६ ग्रॅम, चांदी हजारात ९०० टंच. हे नक्कल करणाऱ्यालाही पाठ असतं. त्यापेक्षा घनता काढा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा सराफाकडे असतोच. त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक नायलॉनच्या धाग्याने बांधून पूर्ण बुडेल असं हातात लटकतं धरा (सुती धागा पाणी पितो). बुडबुडे झटका. तळाला किंवा काचेला टेकलं, की आकडा फुगलाच. आकडा २.६ च्या आसपास आला तर २६.८ भागिले २.६, घनता १०.३ : चांदी जुळते. ३ च्या पुढे गेला तर पितळ किंवा तांबे-निकेल. टंच मशीन फक्त वरचा थर वाचतं. जाड मुलामा त्याला सहज फसवतो.

चांदी निघाली तरी पॅटर्न ठरत नाही, कारण चांदीच्याही नकला होतात. दहापट भिंगाखाली कड फिरवून पाहा : मधोमध जोडाची रेघ, अक्षरांच्या बोथट कडा, खोलगट भागात बारीक दाणे दिसले तर ते ओतीव आहे. मग मिशा, खवले आणि अक्षरं त्याच प्रकारच्या खात्रीच्या नाण्याच्या मोठ्या फोटोशी ताडून बघा.

चिंच-रांगोळीने घासू नका, कसोटीवर तर मुळीच नाही. अस्सल असलं तरी भाव तिथेच पडतो. कडेला कडी डागल्याची खूण असेल तरीही तेच.

हाँगकाँगचं म्हणाल तर थांबा. शंभर वर्षं ओलांडलेलं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि ते कुणा खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. कुरिअर नको, फोटो पाठवा.