विकत घेतलेली गाणी सीडीवर का जात नाहीत?

प्रश्न: अमेरिकेत होतो तेव्हा २००६-०७ मधे आयट्यून्सवरून (अ‍ॅपलचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान) बरीच गाणी विकत घेतली होती, आता पुण्यात परत आलोय आणि बाबांच्या जुन्या गाडीत फक्त सीडी प्लेअर आहे. लॅपटॉपवर प्लेलिस्ट करून एमपी३ सीडी बर्न करायला गेलो तर थोडी गाणी जातात आणि बाकीची डिस्कवर घेता येणार नाहीत असा मेसेज येतो. कोऱ्या सीडी बदलल्या, रायटर बदलला, तरी तेच. पैसे मोजून घेतलीयत हो!
– एक वाचक, पुणे

उत्तर: रायटरला उगाच शिव्या घालू नका, घोळ फाइलमधे आहे. गाण्यावर राइट क्लिक करून इन्फोमधे 'काइंड' बघा, तिथे 'प्रोटेक्टेड एएसी' असेल (फाइलच्या नावाशेवटी एम४पी) तर त्या गाण्याला फेअरप्ले नावाचं कुलूप आहे, म्हणजे कॉपी करण्यावर अ‍ॅपलने घातलेलं बंधन. २००३ ला स्टोअर सुरू झालं तेव्हा रेकॉर्ड कंपन्यांना कुलूप हवंच होतं, २००७ पासून काही गाणी कुलुपाशिवाय मिळायला लागली आणि २००९ मधे सगळ्याच गाण्यांचं ते काढलं, पण तुमची खरेदी त्याच्या आधीची ना.

आता गंमत अशी की ही गाणी बर्न करायला परवानगी आहे, फक्त ऑडिओ सीडी (दुकानात मिळते तशी साधी गाण्यांची सीडी) म्हणून, एमपी३ सीडी (जिच्यात एमपी३ फाइल तशाच टाकतात) म्हणून नाही. तुमची जी थोडी गेली ती बहुधा तुम्हीच घरच्या सीडीवरून एमपी३ करून ठेवलेली असणार. तेव्हा बर्नच्या खिडकीत ऑडिओ सीडी निवडा, स्पीड कमी ठेवा (जुने कार प्लेअर फार नखरे करतात) आणि सीडी-आर वापरा, पुसून पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू नको. एका सीडीवर ८० मिनिटंच मावतात, म्हणजे प्लेलिस्ट तोडावी लागेल. तीच प्लेलिस्ट जशीच्या तशी ७ वेळाच बर्न होते, पण बाबांच्या एका गाडीला ७ सीड्या कशाला लागतायत!

तरीही अडलं तर कॉम्प्युटर ऑथराइज केलाय का (म्हणजे ही गाणी वाजवायची परवानगी त्याला दिलीय का) बघा, आणि तो ज्या अ‍ॅपल आयडीवरून गाणी घेतली त्याच आयडीने, आत्ताच्या नव्या आयडीने नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, कारण तो जुना ईमेल कधीच बंद झालेला असतो. एका आयडीवर ५ कॉम्प्युटर चालतात, अमेरिकेतले जुने लॅपटॉप भंगारात गेले तरी मोजणीत असतात, त्यामुळे अकाउंटमधे जाऊन 'डीऑथराइज ऑल' करा, हे वर्षातून एकदाच करता येतं, मग हा लॅपटॉप नव्याने जोडा.

आणि काइंडमधे 'अ‍ॅपल म्युझिक एएसी' दिसलं तर नाद सोडा, ते दरमहा वर्गणीचं गाणं, तुमच्या मालकीचं नाहीच, ते सीडीवर जात नाही. हवंच असेल तर तेवढं एक गाणं वेगळं विकत घ्या, आता विकत घेतलेल्याला कुलूप नसतं.