थवा दर वेळी वेगळ्या जागी का बसतो?

प्रश्न: मी भूविज्ञानाचा विद्यार्थी असून पुरंदर तालुक्यातील एका गावी भूजलासाठी श्लंबर्जर मांडणीने (जमिनीत एका रेषेत चार विद्युताग्रे रोवून) विद्युत रोधकता, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते, मोजली. थरांची जाडी व रोधकता काढायला पार्टिकल स्वार्म, म्हणजे कणांच्या थव्याने उत्तर शोधणारी संगणकीय पद्धत वापरली. मधल्या थरासाठी प्रोग्राम एकदा ३ मीटर जाडी व १५ ओहम-मीटर रोधकता देतो, तर पुन्हा चालवल्यावर ५ मीटर व २५ ओहम-मीटर. दोन्ही वेळा मोजलेल्या वाचनांशी वक्र सारखाच जुळतो. चूक कुठे आहे?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: दोन्ही जोड्यांत जाडीला रोधकतेने भागून पाहा, उत्तर ०.२ येते. वर कोरडा मुरूम, खाली अभंग कातळ आणि मध्ये पाणी धरलेला झिजका खडक, अशी आपल्या बेसाल्टमध्ये नेहमी आढळणारी रचना असेल, तर हा मधला पातळ, सुवाहक थर जमिनीवरील मापनाला जवळजवळ या भागाकारापुरताच जाणवतो. जाडी व रोधकता एकाच प्रमाणात वाढल्याने वक्रात पडणारा फरक वाचनांतील त्रुटीत बुडून जातो. भूभौतिकीत यालाच समतुल्यता म्हणतात.

केनेडी आणि एबरहार्ट यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या पार्टिकल स्वार्म पद्धतीत, तीन थरांच्या प्रतिमानासाठी, प्रत्येक कण म्हणजे पाच आकड्यांचा (तीन रोधकता व वरच्या दोन थरांची जाडी) एक अंदाज असतो. आपला वेग, आपले आजवरचे सर्वोत्तम स्थान आणि थव्याचे सर्वोत्तम स्थान यांच्या ओढीने तो सरकतो. या पद्धतीला विकलजांची (उतार काढणाऱ्या गणिताची) गरज नसते व सुरुवातीच्या अंदाजावर ती फारशी विसंबत नाही, हे तिचे खरे गुण. पण त्रुटीची (मोजलेल्या व गणिती वक्रांतील फरकाची) दरी तळाशी सपाट असेल, तर थवा तिच्यात कुठे बसेल हे यादृच्छिक आकडेच ठरवतात. कण दुप्पट केल्याने तळ टोकदार होत नाही, मात्र संगणकाचा वेळ जातो.

तरीही आधी दर वेळची उरलेली त्रुटी ताडून पाहा. ती वेगवेगळी असेल, तर थवा वेळेआधी गोठला आहे आणि तेव्हा कण व फेऱ्या वाढवणे योग्यच. ती सारखी असेल, तर प्रोग्राम तीसेक वेळा चालवून मापनाच्या अचूकतेत बसणारी सर्व उत्तरे आलेखावर मांडावीत. हा विखुरलेपणा संभाव्यता म्हणून मात्र वाचू नये, कारण थवा सर्वोत्तम बिंदूकडे गोळा होतो, नमुने घेत नाही. प्रबंधात भागाकार ठामपणे द्यावा, जाडीची केवळ व्याप्ती द्यावी. नेमका आकडा हवा असेल, तर जवळच्या विहिरीत उतरून थर टेपने मोजावा आणि ती जाडी प्रोग्राममध्ये स्थिर ठेवावी.